अणुविजेचा ध्यास घेतलेले डॉ. होमी भाभा



रात्री वावरात ओलीत करायला जाणारा माणूस आपल्या कुहीत कोणाच्या घरी नाही? आमच्या घरी बाबा जातात. एक आठवडा लाईन दिवसाची असते, दुसरा आठवडा रात्रीची. रात्रीची पाळी असली की बाबा टॉर्च आणि काठी घेऊन निघतात आणि आई कडी लावून नुसती पडून राहते, झोपत नाही. धुऱ्यावर साप-विंचू असतात, शिवाय जंगलाकडून रानडुकरे येतात. बाबांच्या चपलांचा आवाज आला की मगच आईचा डोळा लागतो.

त्यामुळे थोरांच्या चरित्रासाठी नाव निवडा असे गुरुजींनी सांगितले, तेव्हा मी विजेचा विचार करणाऱ्या माणसाचे नाव घेतले. वर्गात दोघे-तिघे लगेच म्हणाले की भाभा म्हणजे अणुबॉम्बवाले. त्यांना वाटते तेवढीच गोष्ट नाही. ती पुढे येईलच.

डॉ. होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबई येथे एका सुशिक्षित पारशी कुटुंबात झाला. वडील वकील होते. आजोबा म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे मोठे अधिकारी होते. आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी. म्हणजे घरात पैसा होता, पुस्तके होती, गाणेबजावणे होते. आपल्यासारखे कंदिलाजवळ बसून अभ्यास करण्याचे दिवस त्यांनी पाहिले नाहीत, हे खरेच सांगून टाकलेले बरे. लहानपणी होमीला झोप फार कमी, म्हणून आईवडिलांनी त्याला डॉक्टरकडे नेले होते असे सांगतात. त्याला चित्रे काढण्याचा नाद होता, विज्ञानाच्या पुस्तकांचाही होता.

शिक्षण मुंबईच्या कॅथेड्रल शाळेत व पुढे एल्फिन्स्टन कॉलेजात झाले. सन १९२७ मध्ये त्यांना इंग्लंडला केंब्रिज येथे पाठविले गेले. वडिलांचा बेत पक्का होता. मुलाने यंत्रांचे इंजिनिअर व्हायचे आणि जमशेदपूरच्या टाटांच्या पोलाद कारखान्यात मोठ्या जागेवर बसायचे. पण तिकडे गेल्यावर होमींचे मन गणितात आणि पदार्थविज्ञानात रमले. त्यांनी वडिलांना पत्र लिहून साफ कळविले की इंजिनिअरकी आपल्या स्वभावातच नाही. वडील रागावले नाहीत, पण अट घातली. आधी इंजिनिअरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास हो, मग तुझ्या मनासारखे शिक, खर्च मी देतो. सन १९३० मध्ये होमींनी ती परीक्षा पहिल्या वर्गात पार केली आणि १९३२ मध्ये गणिताचीही. मला ही गोष्ट फार आवडते, कारण त्यात बापही हरला नाही आणि मुलगाही हरला नाही. आणि गंमत अशी, की नको असलेली ती इंजिनिअरकीच पुढे अणुभट्ट्या उभारताना कामी आली.

केंब्रिजमध्ये त्यांनी विश्वकिरणांवर संशोधन केले. आकाशातून अतिसूक्ष्म कण पृथ्वीवर सारखे येत असतात, त्यांना विश्वकिरण म्हणतात. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन हे कण एकमेकांवर आदळून कसे विखुरतात याचे त्यांनी मांडलेले गणित आजही जगभर त्यांच्याच नावाने ओळखले जाते. ते आमच्या इयत्तेच्या पलीकडचे आहे, म्हणून इथे लिहीत नाही.

सन १९३९ मध्ये ते सुट्टीवर भारतात आले आणि तेवढ्यात युरोपात दुसरे महायुद्ध पेटले. परत जाणे राहिले. बंगळूरला भारतीय विज्ञान संस्थेत सर चंद्रशेखर व्यंकट रामन होते, तेथे त्यांना काम मिळाले. सुट्टीवर आलेला माणूस कायमचाच राहिला म्हणा ना! इंग्लंडमध्ये त्यांना मान होता, सन १९४१ मध्ये ते तेथील रॉयल सोसायटीचे सभासदही झाले. पण आपल्या देशात विज्ञानाचे मोठे काम उभे करणे हेच आपले कर्तव्य, असे त्यांच्या मनाने घेतले.

आता ज्या पत्रामुळे मी हे चरित्र लिहायला घेतले, त्याकडे येतो. १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला एक पत्र लिहिले. पदार्थविज्ञानाच्या संशोधनासाठी उत्तम संस्था काढायला मदत करा, अशी मागणी त्यात होती. शिवाय त्यांनी असेही लिहिले होते, की साधारण वीसेक वर्षांनी अणूपासून वीज तयार होऊ लागेल आणि त्या वेळी भारताला जाणकार माणसे परदेशातून आणावी लागू नयेत, ती आपल्या घरचीच असावीत.

तारीख नीट बघा. हिरोशिमावर बॉम्ब पडला ६ ऑगस्ट १९४५ रोजी. म्हणजे अणूत केवढी शक्ती आहे हे सर्वसामान्य जगाला कळले, त्याच्या सुमारे दीड वर्ष आधी या माणसाने अणूपासून विजेचा विचार करून ठेवला होता. तेव्हा देश पारतंत्र्यात होता. एकाही अणुभट्टीतून जगात कुठेच वीज निघत नव्हती.

ट्रस्टने होकार दिला. सन १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली, प्रथम बंगळूरला आणि काही महिन्यांनी मुंबईत पेडर रोडवरील एका बंगल्यात. पुढे कुलाब्याला समुद्रकाठी तिची मोठी इमारत झाली. स्वातंत्र्यानंतर १० ऑगस्ट १९४८ रोजी अणुशक्ती आयोग स्थापन झाला आणि डॉ. भाभा त्याचे अध्यक्ष झाले. पंतप्रधान नेहरूंचा त्यांच्यावर फार विश्वास होता. सन १९५४ मध्ये अणुशक्तीचे वेगळे खाते निघाले, ते थेट पंतप्रधानांच्या हाताखाली.

अणुवीजच कशाला, असा प्रश्न तेव्हाही लोक विचारीत. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा साऱ्या देशाची वीजनिर्मितीची क्षमता होती सुमारे १,३६० मेगावॅट. आज आपल्या जिल्ह्यातील एकट्या कोराडीची क्षमता याहून जास्त आहे! खेड्यात चूल पेटायची गोवरीवर आणि पऱ्हाटीच्या काड्यांवर. भाभांनी हिशेब मांडला. प्रत्येक घरात दिवा, प्रत्येक विहिरीवर मोटार आणि गावोगाव कारखाना व्हायचा असेल तर वीज कितीतरी पटींनी लागेल. कोळसा देशात आहे, पण तो मुख्यतः पूर्वेकडे आणि मध्यभागात. पश्चिम किनाऱ्याकडे तो शेकडो मैल रेल्वेने वाहून न्यावा लागतो. कोळशापासून दूरच्या प्रदेशात अणुवीज परवडेल, असे त्यांचे म्हणणे होते.

मग प्रश्न असा, की आपण तर कोळशाच्या उशाशीच राहतो. उमरेडची खाण जवळ, कोराडी आणि खापरखेडा आपल्याच जिल्ह्यात. आपल्याला अणुविजेचे काय? मी याचा बराच विचार केला. कोराडीसारख्या ठिकाणी २०० मेगावॅटच्या एका संचाला दिवसाला तीन हजार टनांच्या आसपास कोळसा लागतो. आपल्या देशी कोळशात तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त राखच असते. म्हणजे रोज हजार टन राख, एका संचाची. ती कुठे ठेवायची? जुलै २०२२ मध्ये पावसात कोराडीच्या खसाळा राखतलावाचा बांध फुटला आणि राखेचा गाळ नाल्यावाटे कन्हानकडे वाहिला. आणि कन्हान कुठे मिळते? आपल्या तालुक्यात, आंभोऱ्याला, वैनगंगेत. महाशिवरात्रीला आपण जिथे दर्शनाला जातो, तिथेच. कोळशाच्या धुराने पृथ्वी तापते हे तर आता पाचवीच्या मुलालाही माहीत आहे. कोळसा जवळ असला म्हणून तो फुकट पडत नाही.

अणुवीज तयार कशी होते ते थोडक्यात सांगतो. कोराडीत कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात, वाफेने चक्र फिरते आणि चक्राने वीज होते. अणुवीज केंद्रातही वाफ आणि चक्र तेच. फरक फक्त चुलीचा. युरेनियमच्या अणूच्या गाभ्यावर न्यूट्रॉन नावाचा कण आदळला की गाभा फुटतो, उष्णता निघते आणि आणखी दोन-तीन न्यूट्रॉन सुटतात. ते शेजारच्या गाभ्यांवर आदळतात, ते गाभे फुटतात, आणि असे चालू राहते. हे काबूत ठेवले तर अणुभट्टी, मोकाट सोडले तर बॉम्ब. युरेनियम-२३५ हा प्रकार एक किलो पूर्ण फुटला तर अडीच हजार टनांहून जास्त चांगल्या कोळशाइतकी उष्णता मिळते. पण निसर्गातल्या युरेनियमच्या हजार भागांत हा प्रकार सातच भाग असतो, हेही लक्षात ठेवावे.

मुंबईजवळ तुर्भे येथे अणुशक्तीचे मोठे केंद्र उभारले गेले. त्यालाच ट्रॉम्बे म्हणतात. ४ ऑगस्ट १९५६ रोजी दुपारी तेथील पहिली अणुभट्टी सुरू झाली. सोव्हिएत रशिया सोडला तर साऱ्या आशिया खंडातील ती पहिली. इंधन ब्रिटनकडून आले होते, पण भट्टी आपल्याच इंजिनिअरांनी साधारण सव्वा वर्षात बांधली. तिच्या पाण्यात निळा सुंदर उजेड दिसतो. नेहरूंनी तिचे नाव अप्सरा ठेवले. ही भट्टी विजेसाठी नव्हती, शिकण्यासाठी होती. जुनी अप्सरा सन २००९ मध्ये बंद झाली आणि २०१८ पासून तिच्या जागी नवी चालू आहे.

सन १९५७ मध्ये डॉ. भाभांनी ट्रॉम्बेला प्रशिक्षण शाळा काढली. कॉलेजातून निघालेल्या हुशार मुलामुलींना निवडायचे, वर्षभर शिकवायचे आणि मग कामाला लावायचे. वीजकेंद्र एकही तयार नव्हते, तरी ते चालवणारी माणसे आधी तयार होऊ लागली. १९४४ च्या पत्रात लिहिले तसेच त्यांनी केले. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी उलटे होते. इमारत आधी होते आणि माणूस मग शोधतात.

त्यांची दुसरी मोठी गोष्ट म्हणजे तीन टप्प्यांची योजना. आपल्या देशात युरेनियम थोडे. पण केरळ, तामिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत थोरियम नावाचे द्रव्य पुष्कळ आहे, जगातील मोठ्या साठ्यांपैकी एक. अडचण अशी की थोरियम एकटे पेटत नाही. ओल्या सरपणासारखे आहे ते. म्हणून भाभांनी युक्ती काढली. पहिल्या टप्प्यात साधे युरेनियम वापरायचे. त्या भट्टीतून प्लुटोनियम निघते. दुसऱ्या टप्प्यात हे प्लुटोनियम इंधन म्हणून वापरायचे आणि त्या भट्टीत थोरियमपासून नवे इंधन तयार करून घ्यायचे. तिसऱ्या टप्प्यात मग थोरियमवरच भट्ट्या चालवायच्या. चुलीतून निघालेलेच पुन्हा सरपण व्हावे असा हा प्रकार. घरात जे थोडे आहे त्यावर जे पुष्कळ आहे ते पेटवून घ्यायचे. कोणतीही गरीब घरची बाई हे लगेच समजेल.

सन १९५५ मध्ये जिनिव्हा येथे अणुशक्तीच्या शांततेसाठी उपयोगावर जगाची पहिली मोठी परिषद झाली. तिचे अध्यक्षस्थान डॉ. भाभांना मिळाले. अमेरिका, रशिया, इंग्लंड सारे समोर बसलेले आणि खुर्चीवर आपला माणूस!

पण थोर माणसाचेही अंदाज चुकतात, आणि तेही लिहिले पाहिजे. त्याच परिषदेत त्यांनी सांगितले, की सूर्यात जशी अणू जोडून शक्ती निर्माण होते तशी ती वीस वर्षांत माणसाच्या काबूत येईल. सत्तर वर्षे झाली, अजून तशी वीज कोणाच्या घरी आली नाही. सन १९८० पर्यंत देशात ८,००० मेगावॅट अणुवीज होईल असा त्यांचा होरा होता. १९८० साली ती एक हजारही नव्हती. आठ हजारांचा आकडा गाठायला २०२० नंतरची वर्षे उजाडली. आजही देशाच्या एकूण विजेत अणुविजेचा वाटा सुमारे ३ टक्केच आहे. पैसा, परदेशांनी घातलेली बंधने, कामातला उशीर, अशी त्याची अनेक कारणे आहेत.

आता बॉम्बचे. डॉ. भाभा विजेसाठी झटले हे खरे, पण देशाला गरज पडली तर बॉम्बही करता यावा असे त्यांना वाटत होते, हेही तितकेच खरे. त्यांच्या काळात उभ्या राहिलेल्या सायरस अणुभट्टीतले प्लुटोनियम सन १९७४ च्या पोखरणच्या स्फोटाला वापरले गेले. त्यामुळे कॅनडाने मदत थांबवली आणि राजस्थानातील रावतभाट्याचे अर्धे राहिलेले काम आपल्या लोकांना स्वतःच पुरे करावे लागले. वीज आणि बॉम्ब एकाच घरात वाढलेली भावंडे आहेत. एकाचे चरित्र लिहिताना दुसऱ्याला दाराआड लपवू नये, असे मला वाटते.

विजेसाठीचे पहिले केंद्र आपल्या महाराष्ट्रात झाले. ठिकाण तारापूर, तेव्हाचा ठाणे जिल्हा, आताचा पालघर. थंड करायला समुद्राचे पाणी, एका बाजूला मुंबई, दुसऱ्या बाजूला गुजरात, आणि कोळसा दोघांपासून दूर. अमेरिकेच्या मदतीने दोन संच उभारले आणि सन १९६९ मध्ये वीज सुरू झाली. वीस वर्षे म्हटले होते, पंचवीस लागली. तो दिवस पाहायला डॉ. भाभा मात्र नव्हते.

लोकांना अणुविजेची भीती वाटते, आणि ती उगीच नाही. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलची भट्टी फुटली. ११ मार्च २०११ रोजी भूकंप आणि समुद्राच्या लाटांनी जपानमधील फुकुशिमाचे केंद्र बिघडले, गावेच्या गावे रिकामी झाली. तारापूरचे पहिले दोन संच त्याच धाटणीचे आहेत. भट्टीतला कचरा हजारो वर्षे सांभाळावा लागतो. रत्नागिरीच्या जैतापूरला मोठे केंद्र व्हायचे ठरले तेव्हा मच्छीमार आणि आंबेवाले विरोधात उभे राहिले आणि एप्रिल २०११ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात एकाचा जीव गेला. तरीही माझे मत अणुविजेच्या बाजूने आहे. कोळशाचा धूर आणि राख रोज थोडी थोडी माणसे मारते, पण तिची बातमी होत नाही. आमचे एक काका म्हणतात, आता सौरपंप आले, दिवसा ओलीत होते, अणू कशाला? सौरपंप चांगलाच आहे, आम्हीही अर्ज केला आहे. पण दवाखाना रात्री चालतो, सूतगिरणी रात्री चालते, आणि श्रावणात आठ-आठ दिवस ऊन पडत नाही. त्या वेळी दुसरे काहीतरी लागणारच.

माझ्या मनाला खरी टोचणी आहे ती वेगळी. तारापूरला सन २००५-०६ मध्ये तिसरा आणि चौथा संच सुरू झाला. त्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवली गेली. हे नाव वाचले आणि मी आजोबांकडे पाहिले. त्यांचे गाव गोसेखुर्दच्या बुडितात गेले. धरणाचा पाया १९८८ साली घातला, पाणी पुढे चढले. आमच्या वर्गात पुनर्वसन गावठाणातून येणारी मुले आहेत, त्यांना हे समजावून सांगायला नको. विजेसाठी असो की पाण्यासाठी, उठायला नेहमी खेडेच लागते.

डॉ. भाभांना झाडे फार प्रिय होती. संस्थेच्या इमारतीच्या आड मोठे झाड आले तर ते तोडू देत नसत. मुळांसकट, मातीच्या गोळ्यासकट उचलून दुसरीकडे लावून घेत आणि ते जगले की नाही याची चौकशी करीत. ते स्वतः चित्रे काढीत, संगीत ऐकीत, नव्या चित्रकारांची चित्रे संस्थेसाठी विकत घेत. लग्न त्यांनी केले नाही. पद्मभूषण सन १९५४ मध्ये मिळाले.

जानेवारी १९६६ देशाला फार वाईट गेला. ११ तारखेला पंतप्रधान लालबहादूर शास्त्री ताश्कंदला वारले. २४ तारखेला सकाळी एअर इंडियाचे कांचनगंगा नावाचे विमान युरोपातील माँ ब्लाँ या बर्फाच्या पहाडावर आदळले. ११७ जण होते, एकही वाचला नाही. त्यांत डॉ. होमी भाभा होते. अणुशक्तीच्याच बैठकीसाठी ते व्हिएन्नाला चालले होते. वय अवघे ५६. पुढे सन २०१२ मध्ये त्या बर्फातून विमानातली भारताच्या टपालाची एक थैली सापडली, सेहेचाळीस वर्षांनी.

सन १९६७ मध्ये ट्रॉम्बेच्या केंद्राला भाभा अणुसंशोधन केंद्र हे नाव देण्यात आले. तेथे नुसत्या भट्ट्या नाहीत. किरणांनी बियाण्यात बदल घडवून नवे वाणही तेथे काढतात. टीएयू-१ हे उडदाचे आणि टीएजी-२४ हे भुईमुगाचे वाण ट्रॉम्बे व अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने मिळून काढले. नावातला टी ट्रॉम्बेचा आणि ए अकोल्याचा. आपल्या विदर्भातील कित्येक वावरांत हा उडीद पेरला गेला, पेरणाऱ्याला भाभांचे नाव ठाऊक असो वा नसो. तीन टप्प्यांपैकी दुसऱ्याची लहान भट्टी कल्पाक्कमला १९८५ पासून आहे. थोरियमचा तिसरा टप्पा अजून यायचा आहे.

हा लेख मी आजोबांना वाचून दाखवला. त्यांनी सगळा ऐकून घेतला आणि एकच विचारले, की उचलून लावलेली ती झाडे खरेच जगली का? बरीच जगली, असे मी सांगितले. मग त्यांनी पोफरणच्या लोकांचे विचारले. ते मला पुस्तकात सापडले नाही. पालकांपैकी कोणी त्या बाजूला गेले असेल तर गुरुजींना जरूर सांगावे.

शेजारच्या कागदावर अप्सरेचे चित्र आणि महाराष्ट्राचा नकाशा काढला आहे. काळे ठिपके कोळशाच्या केंद्रांचे, लाल ठिपका तारापूरचा. कुही हिरव्या शाईने दाखविली आहे. चित्राला हात लावू नये, रंग ओला आहे.

इयत्ता सातवी